गाडी शिखरापर्यंत जाते, मग बघायचं काय?

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरात असते. यंदा ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिने एका रविवारी ‘माउंट मिचेल स्टेट पार्क’ला नेऊन आणायचा बेत केलाय. सकाळी जाऊन रात्री परत, आणि गाडी म्हणे जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. मी तरुणपणी कळसूबाई पुष्कळदा चढलोय. गाडीतून उतरून पाच-दहा मिनिटांत शिखर गाठायचं, यात कसली मजा? हिचे गुडघे दुखतात, तिला झेपेल का? आणखी एक कुतूहल : एवढा नावाजलेला डोंगर राष्ट्रीय उद्यान का नाही झाला, राज्याकडेच का राहिला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं केंद्राचं खातं जन्माला यायच्या आधीच हे उद्यान झालं होतं! अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली १९१६ साली. माउंट मिचेलचा माथा राखून ठेवायचा निर्णय नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने १९१५ मध्येच घेतला होता. यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्यानं तेव्हा होती, पण ती पश्चिमेकडे, मुळात सरकारच्याच ताब्यातल्या जमिनीवर. पूर्वेकडचे डोंगर खाजगी मालकीचे होते आणि इथे तर लाकूड कंपन्यांनी थेट रानात रेल्वेचे रूळ घातले होते. उतारच्या उतार बोडके होत चालले. तेव्हाचे गव्हर्नर लॉक क्रेग यांनी ही तोड पाहिली आणि निदान माथा तरी वाचवावा म्हणून जोर लावला. राज्याचं हे पहिलं स्टेट पार्क. पुढे १९३४ मध्ये शेजारीच ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान झालं, पण मिचेल राज्याकडेच राहिला. त्यात कमीपणा काही नाही. उलट प्रवेशमूल्यही नाही.

आता कळसूबाई. कळसूबाई १,६४६ मीटर, मिचेल २,०३७ मीटर, म्हणजे ६,६८४ फूट. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अख्ख्या अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. तरीही मी आत्ताच सांगून ठेवतो : सह्याद्रीच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. कडा नाही, कातळ नाही, शिड्या-साखळ्या नाहीत, खाली बघून पोटात गोळा यावा अशी जागा नाही. ॲपलेशियन डोंगर फार म्हातारे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि उत्तर अमेरिका एकमेकांवर आदळले, त्या रेट्यात ते उभे राहिले आणि तेव्हापासून झिजताहेत. आपला बेसाल्ट त्यांच्यापुढे कालचं पोर, साडेसहा कोटी वर्षांचं. त्यामुळे इथे जिकडे बघावं तिकडे गोलसर, झाडांनी मढलेल्या रांगा, एकीमागे एक, आणि शेवटची निळी होत आकाशात मिसळलेली.

मग एवढ्या लांब जायचं कशासाठी? माझं उत्तर : डोंगर चढायला नाही, हवामान चढायला. शार्लटहून निघताना तुम्ही दक्षिणेतल्या पानगळीच्या रानात असता. तीन तासांनी गाडीचं दार उघडता तेव्हा कॅनडात असावं तशा रानात उतरता. रेड स्प्रूस आणि फ्रेझर फर ही दोन सूचिपर्णी झाडं माथ्यावर दाटलेली, बुंध्यांवर शेवाळ, हवेत राळेचा वास. हिमयुगात ही थंडीतली झाडं पार दक्षिणेपर्यंत पसरली होती. हवा तापत गेली तशी ती वर वर सरकली आणि शेवटी उंच माथ्यांवर अडकून पडली. खाली उतरायची सोय नाही, वर जायला जागा नाही. फ्रेझर फर तर रानात फक्त ॲपलेशियनच्या या दक्षिण टोकाच्या शिखरांवरच सापडतो. नाताळात अमेरिकेतल्या घराघरांत जे झाड सजवतात, त्यात हा फर फार मागणीचा. खालच्या डोंगरउतारांवर शेतकरी त्याच्या बागा लावतात. मूळ रान मात्र हे एवढंच.

त्या रानात तुम्हाला वाळलेले, पांढुरके खुंटही दिसतील. सगळाच दोष २०२४ च्या हेलीन वादळाला देऊ नका. युरोपातून आलेली मावावर्गातली एक बारीक कीड मिचेलवर १९५७ मध्ये पहिल्यांदा आढळली आणि तिने मोठमोठे फर मारले. आज दिसणारी दाट, कमी उंचीची झाडं ही बरीचशी त्यानंतर उगवलेली पिढी आहे.

ऑक्टोबर म्हटल्यावर मुलीने पानांच्या रंगांचं आमिष दाखवलं असणारच. ते खरं आहे, पण रंग माथ्यावर नाहीत. माथा बारमाही काळपट हिरवा; या रांगेला ‘ब्लॅक माउंटन्स’ म्हणतात ते त्यामुळेच. लाल-पिवळा सोहळा त्याखालच्या टप्प्यात असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो उंचावर येतो आणि महिनाभर हळूहळू खाली उतरत जातो. तेव्हा रंग बघायचे ते येता-जाता, घाटरस्त्यावर. हा घाटरस्ता म्हणजे ब्लू रिज पार्कवे.

शार्लटहून ॲशव्हिल साधारण दोन तास. तिथून पार्कवेने मिचेल जेमतेम ३५ मैल, पण तास-सव्वातास धरा. वेगमर्यादा ताशी ४५ मैलांची, काही ठिकाणी त्याहून कमी, वळणं अखंड आणि दर दोन-चार मैलांवर थांबावंसं वाटेल असा सज्जा. मालट्रक या रस्त्यावर येत नाहीत, जाहिरातीचा एक फलक नाही आणि पेट्रोल पंपही नाही. टाकी ॲशव्हिललाच भरून घ्या. मैलांचे दगड उलटे मोजत जायचं : ३८२ च्या आसपास लोककला केंद्र, ३६४ ला क्रॅगी गार्डन्स, ३५५ ला डावीकडे मिचेलचा फाटा. क्रॅगीला जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉनचा जांभळा बहर असतो. तुम्हाला तो मिळणार नाही, पण ऑक्टोबरात तिथून खालचं खोरं सुरेख दिसतं. गाडी लागत असेल तर आलेपाक जवळ ठेवा आणि मागच्या सीटवर बसून फोन बघू नका. फोनला तसंही रेंज धड नसते. नकाशा आधीच उतरवून घ्यायला मुलीला सांगा.

परतीला दुसरा रस्ता घेऊ, असा मोह होईल. सध्या तो आवरा. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने या भागाची दैना केली. मिचेलवर तीन दिवसांत २४ इंचांहून अधिक, म्हणजे सहाशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आंबोली-महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा अगदीच अनोळखी वाटणार नाही, पण त्या उतारांना आणि तिथल्या गावांना अशा पावसाची सवय नाही. दरडी कोसळल्या, रस्ते वाहून गेले, ॲशव्हिलमध्ये कित्येक आठवडे नळाला पिण्याजोगं पाणी नव्हतं. उद्यान जवळपास वर्षभर बंद राहून सप्टेंबर २०२५ मध्ये उघडलं. पार्कवेची दुरुस्ती त्यानंतरही तुकड्या-तुकड्याने चालू राहिली. आदल्या रात्री पार्कवेच्या आणि उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळांवर रस्त्याची स्थिती बघा. मोबाइलमधला नकाशा बंद रस्त्यावरूनही खुशाल वाट दाखवतो.

वर पोचल्यावर वाहनतळ, आणि तिथून माथ्यावरच्या सज्जापर्यंत फरसबंद वाट. पाव मैलाहूनही कमी, पायऱ्या नाहीत, पण चढ जाणवतो. वहिनींनी दोन-तीनदा थांबून, रमतगमत जायला हरकत नाही. उतरताना मात्र गुडघ्यांसाठी काठी असू द्या. दोन हजार मीटर उंचीचा बहुतेकांना त्रास होत नाही. थोडा दम लागेल. हृदयाचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून निघा.

सज्जाच्या पायथ्याशी एक कबर आहे. तिथे थांबाच, कारण या डोंगराची खरी गोष्ट तिच्यात आहे. एलिशा मिचेल हे चॅपेल हिलच्या विद्यापीठातले प्राध्यापक. १८३५ मध्ये बॅरोमीटर घेऊन ते या रांगेत आले आणि पूर्वेकडचं सर्वांत उंच शिखर न्यू हॅम्पशायरमध्ये नसून इथे आहे, असं त्यांनी मांडलं. १८४४ मध्ये पुन्हा येऊन त्यांनी ६,६७२ फूट हा आकडा काढला. आजच्या मोजमापाहून फक्त बारा फुटांनी कमी! रीत सोपी, काम किचकट : वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो, एक बॅरोमीटर खाली, एक वर, दोन्हीकडचं तापमान टिपायचं आणि फरकावरून उंची काढायची.

हे तुम्हाला तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. शार्लटच्या इंडियन स्टोअरमधून चिवड्याचं सीलबंद पाकीट घ्या आणि मागच्या सीटवर टाका. खाली मऊ, सुरकुतलेलं असलेलं ते पाकीट क्रॅगीपर्यंत गुबगुबीत होतं आणि वाहनतळावर टम्म फुगून ताठ झालेलं असतं. आतली हवा तेवढीच, बाहेरचा दाब शार्लटच्या मानाने साधारण पाचव्या हिश्शाने घटलेला. मिचेल यांनी पारा वापरला, एवढंच.

पुढे त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी, राजकारणात गेलेले टॉमस क्लिंगमन, यांनी वाद उकरला : प्राध्यापकांनी मोजलं ते शिखर वेगळंच, खरं सर्वोच्च शिखर मी मोजलं. वर्तमानपत्रांतून दोघांची जुंपली. आकडे पुन्हा पडताळायला मिचेल १८५७ मध्ये ६३ व्या वर्षी डोंगरात परतले. २७ जूनला एकटेच उतरत असताना एका धबधब्याच्या काठावरून ते पडले आणि खालच्या डोहात गेले. दहा-अकरा दिवसांनी ‘बिग टॉम’ विल्सन नावाच्या अस्वलांच्या शिकाऱ्याने पाऊलखुणांचा माग काढत त्यांना शोधलं. आधी ॲशव्हिलला दफन झालं, आणि वर्षभराने लोकांनी त्यांना या माथ्यावर आणलं. डोंगराला नाव मिचेल यांचंच मिळालं. क्लिंगमन यांचं नाव स्मोकीतल्या एका घुमटाला लागलं होतं. २०२४ मध्ये तेही काढून चेरोकी लोकांचं मूळ ‘कुवोही’ हे नाव परत दिलं गेलं. उंचीत कुवोही तिसरा. दुसरा नंबर मिचेलच्या शेजारच्या माउंट क्रेगचा, ज्या गव्हर्नरांनी हे उद्यान केलं त्यांच्या नावाचा.

आणि कळसूबाई चढणाऱ्या पायांना काम हवंच असेल, तर ते या क्रेगकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. वाहनतळावरून जेमतेम मैलभर, पण मुळं, ओले दगड, खडबडीत पायऱ्या. परत येताना चढही भरपूर. वादळानंतर वाटा एकदम उघडलेल्या नाहीत, म्हणून आधी उद्यानाच्या कार्यालयात विचारून घ्या. तुम्ही तासा-दीड तासात जाऊन याल. तोवर माय-लेकींनी माथ्याजवळच्या बाल्सम वाटेवर, तीही पाऊण मैलाचीच, हवं तेवढं फिरावं.

हवेबद्दल बजावून सांगतो, कारण बहुतेकांचा बेत इथेच फसतो. ॲशव्हिलपेक्षा माथ्यावर साधारण आठ-दहा अंश सेल्सिअसने थंड असतं आणि वर वारा. १९८५ च्या जानेवारीत इथे उणे ३७ अंशांची नोंद झाली, राज्यातली सर्वांत नीचांकी. ऑक्टोबरात तसं काही नाही, पण बर्फाची भुरभुर होऊ शकते. खाली हाफ बाह्यांत असलात तरी स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी गाडीत असू द्या. कानटोपी घातली म्हणून तिथे कुणी हसणार नाही. माथा वरचेवर ढगात असतो. निरभ्र दिवशी ८० मैलांपलीकडचं दिसतं म्हणतात. ढगात असाल तर दहा फुटांवरचा फर दिसतो. तरी परत फिरू नका. हे रान ढगातच शोभतं.

जेवणाचं म्हणाल तर वरच्या उपाहारगृहावर विसंबू नका, ते हंगामी आहे. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा घेऊन सहलीच्या बाकांवर बसा. अन्न उघड्यावर टाकू नका, खरकटं कचऱ्याच्या अस्वल-बंद डब्यातच जाऊ द्या. काळी अस्वलं या मुलखात भरपूर आहेत आणि माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल शेवटी गोळीला बळी पडतं.

एकच बदल सुचवतो : तो रविवार. ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी पार्कवेवर गाड्यांची रांग लागते आणि वरचा वाहनतळ दुपारच्या आत भरतो. मुलीला मधल्या वारी रजा मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली, तर पहाटे सहाला शार्लट सोडा, म्हणजे थांबत-थांबत दहाच्या सुमाराला वर पोचाल आणि अंधार पडायच्या आत घाट उतराल. उद्यान बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. ती आदल्या दिवशीच बघून ठेवा, कारण ठरल्या वेळी तिथलं फाटक खरोखरच बंद करतात.