जाताना अधिक, येताना कमी

प्रश्न : मुंबई ते लंडन हे अंतर एकच असताना विमानाला जाण्यास आणि येण्यास निराळा वेळ का लागतो?

उत्तर : पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेले या दोन विमानतळांतील लघुतम अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, आणि ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर हिशेबाने ८ तास पुरावेत. परंतु हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नव्हे. आणि १०-१२ किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वायुप्रवाह वाहत असल्यामुळे, नदीच्या ओघाविरुद्ध व ओघाबरोबर जाणाऱ्या नावेप्रमाणे, लंडनकडे जाणारे विमान मंदावते आणि मुंबईस परतणारे त्वरेने येते. शिवाय काही प्रदेश टाळण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा आणि धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल यांचाही काळ वेळापत्रकात जमेस धरलेला असतो. सबब जाताना साधारणतः १० तास आणि येताना ९, ही तफावत स्वाभाविकच होय.

तिकिटावर स्थानिक वेळा नमूद असतात, म्हणून त्यांच्या वजाबाकीत हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास जाताना मिळवावे आणि येताना वजा करावे, म्हणजे खरा प्रवासकाल हाती येईल.