बोटीची इलेक्ट्रिक मोटर तापते? वाइंडिंगचा खर्च सर्वांत शेवटी

धरणात किंवा खाडीत छोट्या होडीला १२ व्होल्टची इलेक्ट्रिक आउटबोर्ड लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: मोटर तापते आणि मध्येच बंद पडते. लगेच ‘वाइंडिंग गेलं’ म्हणून काही हजारांचं एस्टिमेट हातात पडतं. त्याला होकार देण्याआधी दोन तपासण्या कराच.

पहिली फुकट आहे. बॅटरीची वायर काढा, मोटर वर घ्या, पंख्याचा नट आणि पिन काढून पंखा बाहेर ओढा. शाफ्टवर तंगूस किंवा जाळ्याचा धागा घट्ट गुंडाळलेला सापडतो का बघा. जलपर्णीच्या पाण्यात तिच्या मुळांचाही असाच वेढा बसतो. पंखा जड फिरला की मोटर जास्त करंट ओढते, आणि करंट दुप्पट झाला की तारांतली उष्णता चौपट होते. धागा ब्लेडने कापताना आतल्या रबरी सीलला धक्का लावू नका. सील कापलं गेलं असेल तर आजच बदला. ते काही शे रुपयांत होतं. आत पाणी शिरलं की बेअरिंग आणि आर्मेचरपर्यंत खर्च जातो.

दुसरी तपासणी वायरिंगची. साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. होडी पाण्यात बांधून मोटर पूर्ण वेगात चालवा. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग मोटरच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर दोष वाटेत आहे. ५० अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे २५ वॅट, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता. ती गंजलेल्या एका लगमध्येच साठली तर प्लग वितळतो. बॅटरी तीन मीटर दूर असेल तर ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल जाऊन-येऊन सुमारे ०.९ व्होल्ट खाते, १६ स्क्वेअर एमएमची जेमतेम ०.३५. जाड केबल, नवे लग आणि फ्यूज यांचा खर्च साधारण दीड-दोन हजार येतो. माझ्या मते हा पैसा कधीच वाया जात नाही.

बहुतेक छोट्या मोटरी पाण्याखाली असतात आणि भोवतालच्या पाण्यानेच थंड राहतात. म्हणून त्या किनाऱ्यावर फार वेळ फिरवून बघू नका. कंपनीने सांगितल्यापेक्षा मोठा पंखाही बसवू नका.

एवढं करूनही ताप राहिला तरच मोटर उघडायची. कार्बन ब्रश असलेल्या मोटरीत आधी ब्रश बघा, ते स्वस्तात बदलतात. आर्मेचर भरायचं म्हटलं तर इन्सुलेशन मेगरने तपासून दाखवायला सांगा आणि मजुरी लेखी घ्या. एकूण आकडा नव्या मोटरीच्या निम्म्यावर गेला तर दुरुस्ती नको. आणि वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात न लावता मोटर थेट सर्व्हिस सेंटरला न्या.