एक ध्वज, अनेक बोली : राष्ट्रप्रेम आणि प्रादेशिक अस्मिता

दरवर्षी १ मे रोजी सकाळी आमच्या शाळेच्या पटांगणात ध्वजारोहण होते. काही वर्षांपूर्वी कार्यक्रम आटोपल्यावर इयत्ता सहावीतील एक विद्यार्थी आमच्याजवळ आला आणि त्याने विचारले, "गुरुजी, आज महाराष्ट्राचा दिवस आहे, मग झेंडा भारताचा का?" आम्ही घाईत उत्तर दिले, "महाराष्ट्राला वेगळा झेंडा नाही म्हणून." उत्तर खोटे नव्हते, पण ते पुरेसेही नव्हते. मुलगा मान हलवून निघून गेला; प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्या हाती जाणाऱ्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे अधिक विचारपूर्वक उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन नाती

प्रादेशिक अस्मिता आपल्याला जन्माबरोबर मिळते. आईची बोली, जात्यावरची ओवी, शिवारातले पीक, ताटातली भाकरी, गावच्या नदीचे नाव यांतून ती घडते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाड्याची बोली बोलणारे मूल ही ओळख कोणाकडून मागून आणत नाही. म्हणूनच तिच्याविषयी प्रेम वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

राष्ट्राशी असलेले नाते निराळे आहे. आपण कधीही न पाहिलेल्या, आपली भाषा न समजणाऱ्या माणसाला आपला मानण्याचा तो निश्चय होय. भारतीय संविधानाने या निश्चयाला कायद्याचे रूप दिले. आपल्या देशात नागरिकत्व एकच आहे. महाराष्ट्राचे वेगळे किंवा बिहारचे वेगळे नागरिकत्व नाही. अनुच्छेद १९ अन्वये प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही जाण्याचे, राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य आहे. केवळ जन्मस्थानाच्या कारणावरून राज्याने भेदभाव करू नये, असे अनुच्छेद १५ सांगतो.

परंतु याच संविधानाने अनुच्छेद २९ मध्ये प्रत्येक समूहाला आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. पुढे १९५६ मध्ये अनुच्छेद ३५०-क समाविष्ट झाला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आली. म्हणजे मुळे तोडून भारतीय व्हा, असे संविधान म्हणत नाही. उद्देशिकेत बंधुतेचा उल्लेख करताना आधी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि नंतर राष्ट्राची एकता येते. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जेथे माणसाची प्रतिष्ठा सुरक्षित नाही, तेथे एकतेची घोषणा पोकळ ठरते.

बाबासाहेबांच्या भूमिकेतील सातत्य

या विषयाचा अभ्यास करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांत वरवर पाहता एक विसंगती दिसते. एप्रिल १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र कर्नाटक प्रांताच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी अशी भूमिका घेतली की, आपण आधी भारतीय आणि मग हिंदू किंवा मुसलमान, ही भाषाही समाधानकारक नाही. धर्म, संस्कृती वा भाषा यांतून उद्भवणाऱ्या कोणत्याही निष्ठेने भारतीयत्वाशी स्पर्धा करू नये. मात्र १९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनीच मराठी भाषकांच्या एका प्रांताचे आणि त्यात मुंबईच्या समावेशाचे समर्थन केले. पुढे १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयी लिहिताना एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, असे सांगून त्यांनी मराठी प्रदेशाची चार राज्ये सुचवली. त्यांपैकी एक मुंबई शहराचे होते.

मग त्यांचे खरे मत कोणते मानावे? आमच्या मते तिन्ही वेळी त्यांच्या मनातील कसोटी एकच होती : या रचनेमुळे लोकशाही बळकट होईल की नाही, आणि समाजातील सर्वांत दुर्बल माणूस सुरक्षित राहील की नाही? राज्यकारभार लोकांच्या परस्परविश्वासावर चालतो आणि समान भाषा त्या विश्वासाला साहाय्य करते, म्हणून त्यांना भाषिक प्रांत मान्य होता. परंतु प्रांताची भाषा हीच त्याची राजभाषा झाली, तर एकेक प्रांत हळूहळू स्वतंत्र राष्ट्रासारखा वागू लागेल, अशी भीती त्यांना होती. म्हणून प्रांताची राजभाषा केंद्राचीच असावी, अशी अट त्यांनी १९४८ मध्ये घातली. १९५५ मध्ये त्यांनी दुसरा धोका पुढे आणला. भाषिक राज्यात एखाद्या बहुसंख्य जातीचे वर्चस्व निर्माण झाले, तर गावोगावी विखुरलेल्या अल्पसंख्य वस्तीने दाद कोणाकडे मागायची? हा प्रश्न ते अनुभवातून विचारत होते. गावकुसाबाहेरच्या माणसाची आणि गावातल्या माणसाची भाषा एकच असते. तरीही पाणवठा एक नव्हता, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. समान भाषेमुळे समता आपोआप येत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी हाच मुद्दा राष्ट्राला लावला. हजारो जातींत विभागलेला समाज स्वतःला राष्ट्र म्हणवून घेण्याने राष्ट्र होत नाही. आपण अद्याप त्या अर्थाने राष्ट्र नाही हे जितक्या लवकर ओळखू तितके बरे, हा त्या विचाराचा आशय. बाबासाहेबांनी सुचवलेली राजभाषेची अट स्वीकारली गेली नाही. मराठी ही आज महाराष्ट्राची राजभाषा आहे आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. पण जे संरक्षण कायद्याच्या अटीतून आले नाही, ते आता नागरिकांच्या बंधुभावातूनच यावे लागेल, ही जबाबदारी आपल्यावर आली आहे.

संयुक्त महाराष्ट्राचा धडा

भाषेच्या आधारावर राज्य मागणे म्हणजे देशद्रोह, असे म्हणणारेही त्या काळी होते. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू यांनी उपोषणात प्राण दिले आणि त्यानंतर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. राष्ट्राच्या नावाखाली प्रदेशाची रास्त मागणी दाबून ठेवली, तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

महाराष्ट्रातही १ मे १९६० चा दिवस सहज आला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक होता. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून देशाच्या शिक्षणाची सेवा केली. शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या वाणीने हा लढा गावोगावी पोहोचवला. पण त्याच शाहिराने बंगालच्या दुष्काळात तडफडणाऱ्या माणसांवरही पोवाडा रचला होता. मुंबईसाठी गाणाऱ्या कंठाला बंगाल परका वाटला नाही. या लोकांनी भारताकडे पाठ फिरवली नव्हती. भारताच्या घरात आपल्या भाषेला न्याय्य जागा मागितली होती.

मात्र या धड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्य मिळाल्यानंतरच्या दशकांत मुंबईत कधी दक्षिणेकडून, तर कधी उत्तरेकडून आलेल्या श्रमिकांना परके ठरवले गेले. न्याय मागणारी अस्मिता वेगळी आणि शत्रू शोधणारी अस्मिता वेगळी. दोन्हींची घोषणा कदाचित एकच असेल. म्हणून घोषणेवरून नव्हे, वागण्यावरून त्यांची पारख करावी लागते.

ध्वजावरील चक्र

त्या विद्यार्थ्याने ज्या ध्वजाकडे बोट दाखवले, त्याच्या मध्यभागी असलेले चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेले आहे. संविधान सभेने हा ध्वज २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. सम्राट अशोकाने आपला संदेश साऱ्या प्रजेवर एकाच भाषेत लादला नाही. आपल्या महाराष्ट्रातील सोपारा येथे त्याचे लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृतात सापडले. वायव्येकडील शाहबाजगढी येथे लिपी खरोष्ठी आहे. आणि कंदाहार येथे ग्रीक व अरामी भाषांत लेख कोरलेला आहे. बाराव्या शिलालेखात तो सांगतो त्याचा आशय असा की, स्वतःच्या पंथाचा गौरव करण्यासाठी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. पंथाच्या जागी प्रदेश हा शब्द ठेवला, तरी हे वचन तितकेच लागू पडते.

वसतिगृहातील एक संध्याकाळ

आता एक प्रसंग सांगतो. एका वर्षी वीटभट्टीवर काम करणाऱ्या छत्तीसगढच्या एका कुटुंबातील मुलगा आमच्या वसतिगृहात दाखल झाला. त्याला मराठी येत नव्हती. मोठ्या मुलांनी त्याला चिडवायला आरंभ केला. "तुझ्या गावाला जा," असे एकाने त्याला सुनावले. त्या दिवशी तो मुलगा न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही त्या मोठ्या मुलाला जवळ बसवून विचारले, "बाळ, तुझे आईवडील सध्या कोठे आहेत?"

"ऊसतोडीला गेलेत, गुरुजी. कर्नाटकात."

"तिथे लोक कोणती भाषा बोलतात?"

"कानडी."

"तुझ्या आईला येते?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "नाही. दुकानात गेली की ती बोटाने दाखवते."

आम्ही पुढे काही बोललो नाही. त्या संध्याकाळी दोघे एका पंगतीत बसले. मोठा मुलगा ताटातल्या एकेका पदार्थावर बोट ठेवून त्याचे मराठी नाव सांगत होता आणि लहान मुलगा आपल्या बोलीतले नाव सांगत होता. आमच्या इतक्या वर्षांच्या नागरिकशास्त्राच्या तासांत राष्ट्रीय एकात्मतेचा याहून चांगला पाठ झाल्याचे आम्हांस आठवत नाही. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणारी आपली माय जेथे परकी असते, तेथे कोणीतरी तिला आपले म्हणावे, असे आपल्याला वाटते. तीच अपेक्षा आपल्या दाराशी आलेल्या माणसाचीही असते.

त्या प्रश्नाचे उत्तर

सहावीतल्या त्या विद्यार्थ्याला आज आम्ही असे सांगू : बाळा, महाराष्ट्र हे आपले अंगण आहे आणि भारत हे आपले घर आहे. अंगणावर माया असलेला माणूस घर मोडत नाही, आणि खरे घर कोणाला अंगण विसरायला लावत नाही. १ मे रोजी भारताचा ध्वज फडकतो, कारण महाराष्ट्राचा आनंद हा साऱ्या देशाचा आनंद आहे. तुझी मराठी जप, तिच्यात वाच आणि लिही. पण मराठी न येणारा जेव्हा तुझ्या शेजारी येऊन बसेल, तेव्हा तू त्याच्याशी कसा वागतोस, यावरून तुझ्या राष्ट्रप्रेमाची परीक्षा होईल.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या कुटुंबातील कोणी पोटासाठी दुसऱ्या राज्यात गेले आहे काय? तेथे त्यांना कशी वागणूक मिळाली?

२. आपल्या गावात वा वस्तीत बाहेरून आलेल्या श्रमिकांच्या मुलांना शाळेत जाता येते काय? आपण त्यासाठी काय करू शकतो?

३. न्याय मागणारी अस्मिता आणि द्वेष पसरवणारी अस्मिता यांतील फरक आपण घरातील मुलांना कोणत्या उदाहरणाने समजावून सांगाल?