मूसारामबागच्या खांबाखालची रात्र

५ ऑक्टोबर २०२२, दसरा. सोनं द्यायला आम्ही सुलतान बाजारात नणंदेकडे गेलो होतो. तिच्या यजमानांनी आग्रह केला, ह्यांनी दोन पेग घेतले, जेवणं झाली आणि रात्री साडेअकराला आम्ही दिलसुखनगरला घरी यायला निघालो. चादरघाट, मलकपेट, आणि मग मूसारामबागला मेट्रोच्या खांबाखाली रस्त्यावर आडवे लावलेले बॅरिकेड. घर तिथून दहा मिनिटांवर. मागच्या सीटवर लेक झोपलेली. पोलिसाने यंत्र ह्यांच्या तोंडापुढे धरलं आणि म्हणाला, "ऊदंडी." म्हणजे फुंका. आकडा आला ६८.

त्या रात्रीने आणि पुढच्या दोन महिन्यांनी जे शिकवलं, ते लिहून ठेवते आहे. दसरा, एकतीस डिसेंबर, संक्रांत आली की ओळखीतलं कोणी ना कोणी मला फोन करून हेच विचारतं.

१. फुंकायला नकार देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस अधिकारी संशयावरून श्वासाची तपासणी मागू शकतो. नकार दिला आणि प्यायल्याचा संशय असेल, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. मग ठाण्यात कलम २०४ खाली रक्ताचा नमुना मागता येतो, आणि विनाकारण दिलेला नकार न्यायालयात तुमच्याच विरुद्ध जातो. "स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही" असं राज्यघटनेचं नाव घेऊन सांगणारे भेटतात. पण १९६१ मध्येच मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे.

२. नळी मात्र नवी मागा. आकडा स्वतः वाचा, छापील पावतीवरची वेळ आणि गाडीचा नंबर तपासा. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल किंवा अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल तर ते आधीच सांगा, चूळ भरू द्या म्हणा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासणी मागा. तोंडात राहिलेला अंश तेवढ्या वेळात उडून जातो. पोटातली दारू मात्र चूळ भरून जात नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. आमच्या ६८ बद्दल वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं आणि ह्यांनी घातलाही नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

३. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. पोलिसाने विचारलं, "साथ में कोई गाडी चलानेवाले हैं क्या?" ह्यांनी मान हलवली, नाही. माझ्या पर्समध्ये माझा परवाना होता. मी थेंबही घेतला नव्हता. तरी मी गप्प बसले. चार वर्षांत रात्री स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं, आणि आपल्याला जमणार नाही हे मी स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं. गाडी तिथेच राहिली. साडेबाराला झोपलेल्या लेकीला खांद्यावर टाकून आम्ही रिक्षा शोधली.

नंतर कळलं की तेलंगणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये याबद्दल स्पष्ट सांगितलं होतं. चालक प्यायलेला आहे एवढ्याच कारणाने गाडी जप्त करता येत नाही. सोबत न प्यायलेला, परवाना असलेला माणूस असेल तर गाडी त्याच्या हवाली करायची. तसं कोणी नसेल तर जवळच्या नातेवाइकाला किंवा मित्राला बोलवायचं. कोणीच आलं नाही तरच पोलिसांनी ती तात्पुरती सुरक्षित ठिकाणी ठेवायची. म्हणजे मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: "मी चालवते." हे कळलं त्याच महिन्यात मी रोज पहाटे सरूरनगर तलावाच्या बाजूने गाडी चालवायला सुरुवात केली.

४. गर्दीतला एक अनोळखी माणूस कानाशी येऊन म्हणाला, "पाच हजारांत मिटवून देतो." त्याच्याकडे पाहूही नका. लाचविरोधी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो.

५. अटक झालीच तर घाबरू नका, पण हे पाठ असू द्या. अटकेचं कारण सांगितलं गेलं पाहिजे, घरच्यांना कळवलं गेलं पाहिजे, वकिलाशी बोलता आलं पाहिजे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं गेलं पाहिजे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. पहिल्या वेळेचा हा गुन्हा जामीनपात्र आहे. बाईचं रक्त घ्यायचं असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर दुसरी बाई हजर असलीच पाहिजे.

६. "थोडा वेळ थांबून निघू" यावर विसंबू नका. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं, कोणाचं कमी, कोणाचं जास्त. ६८ वरून ३० वर यायला अडीच तास. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. एकतीस डिसेंबरला रात्री दोनपर्यंत प्यायलेला माणूस सकाळी सातला ऑफिसला निघतो तेव्हाही तो मर्यादेच्या वर असू शकतो.

७. दंड पहिल्या वेळी १० हजार, कैद सहा महिन्यांपर्यंत. ह्यांचा परवाना तीन महिने निलंबित झाला. पण ह्यांना खरं लागलं ते गोशामहलच्या ट्रॅफिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमधलं समुपदेशन. तिथे घरच्या माणसाला सोबत न्यावं लागतं. आमच्या शेजारी एक विशीतला मुलगा होता. त्याचे वडील सगळा वेळ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे पाहत बसले होते.

परतताना ह्यांनी २०१६ च्या जुलैतली गोष्ट काढली. पंजागुट्ट्याजवळ प्यायलेल्या विद्यार्थ्यांची गाडी दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. त्या गाडीत शाळेतून परतणारी एक लहान मुलगी होती. ती गेली, तिचे काका गेले, आजोबा गेले. "आपणही त्या रात्री कुणाच्या तरी समोरून येत होतो," एवढंच बोलून हे गप्प झाले. मी हक्कांची कलमं शोधत बसले होते ते गैर नव्हतं, पण त्या समोरच्या गाडीतल्या माणसांचा हक्क माझ्या यादीत कुठेच नव्हता.

८. पुढच्या दसऱ्याला आम्ही मेट्रोने गेलो. दिलसुखनगरला बसायचं, महात्मा गांधी बस स्थानकाला गाडी बदलायची, सुलतान बाजारला उतरायचं. परतीच्या गाडीची वेळ पाहून उठायचं, म्हणून मैफल आपोआप आटोपती राहते. कधी कार नेलीच तर नणंद दारातच हात पुढे करते. हे किल्ली तिच्या हातावर ठेवतात आणि रात्री निघताना ती माझ्याकडे देते.