यंत्र घ्यावे की भाड्याने आणावे?
(खोदकाम व सपाटीकरणाच्या ठेकेदारीत उतरणाऱ्यांसाठी)

१९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाने उभे राहिले. नंतर हा पसारा चाकणकडे सरकला. तेथे बजाज १९९९ साली, फोक्सवॅगन २००९ साली आणि महिंद्र २०१० साली आली. कारखाना आला की प्लॉटचे सपाटीकरण, पायाचे खोदकाम, पाइप व केबलच्या चरी, रस्ता, कुंपण ही कामे आलीच. ही कामे पाहून आपल्या अनेक तरुणांना वाटते की एक जेसीबी घेतले की आयुष्याची ददात मिटली.

आमचा धंदा कापडाचा. तरीही या विषयावर लिहितो, कारण घरातल्याच एका तरुणाच्या जुन्या जेसीबीत आमची रक्कम गुंतली होती. मीटरवर तास कमी दिसले, रंग नवा होता, तेवढ्यावर सौदा झाला. पहिल्याच पावसाळ्यात हायड्रॉलिक पंप गेला, यंत्र दीड महिना उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले. शेवटी नुकसानीत विकावे लागले. कापडाचा तागा आम्ही दहा वेळा उलगडून पाहतो. लाखोंचे यंत्र मात्र न पारखता घेतले. तो तजुर्बा वाचकांच्या कामी यावा म्हणून हा लेख.

हिशेब आधी, यंत्र नंतर

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या बाजाराप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, यंत्राचा हप्ता महिना ६५,००० रुपये, ऑपरेटर व हेल्परचा पगार ३५,००० आणि विमा, सर्व्हिसिंग, टायर व दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची रक्कम २५,०००. म्हणजे काम असो वा नसो, १,२५,००० रुपये खर्च ठरलेला. डिझेलसह भाडे तासाला १,१०० रुपये धरू. तासाला ५ लिटर डिझेल, ९० रुपयांप्रमाणे ४५० रुपये. हातात उरले ६५०.

आता १,२५,००० ला ६५० ने भागा. उत्तर येते सुमारे १९२ तास. रोज आठ तासांप्रमाणे चोवीस दिवस यंत्र चालले तर फक्त खर्च निघतो, नफा शून्य.

आता पावसाळा धरा. जून ते सप्टेंबर काम घटून महिना १०० तासांवर आले तर दरमहा ६०,००० ची तूट पडते. चार महिन्यांची तूट २,४०,०००. ती भरून काढायला उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा सुमारे २३९ तास काम लागते, म्हणजे सव्वीस दिवस रोज नऊ तासांहून जास्त. एवढे काम हातात आहे काय, हा प्रश्न सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावा. महिन्याचे काम १९२ तासांच्या आत असेल तर भाड्याचे यंत्रच स्वस्त पडते.

मग लोक यंत्र विकत का घेतात? कारण चार वर्षांत हप्ते फिटले की ठरलेला खर्च ६०,००० वर येतो आणि ९३ तासांतच निघतो. खरी कमाई पाचव्या वर्षापासून सुरू होते. पण त्या वर्षी यंत्र धडधाकट असेल तरच.

कोणत्या कामाला काय?

१) जेसीबी रबरी टायरवर स्वतः रस्त्याने जाते. लहान व विखुरलेल्या कामांना ते बरे. पोकलेन पट्ट्यावर चालते, चिखलात व मोठ्या खोदाईत सरस, पण त्याची ने-आण करायला ट्रेलर लागतो. चाकणच्या तळेगाव चौकातली वाहतूक कोंडी सर्वांना ठाऊक आहे. म्हणून जाण्या-येण्याच्या तासांचे पैसे कोण देणार हे आधी ठरवावे.

२) आपल्या भागात वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाषाण लागला की बकेटचे काम संपते, ब्रेकर लावावा लागतो. ब्रेकरच्या हादऱ्याने पिना, बुश व होजपाइप लवकर झिजतात. त्याचा दर वेगळा व जास्त लावावा.

३) एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास मुरूम सुमारे साडेचार टन भरतो. पाऊण टनाच्या छोट्या टेम्पोत तो कसा मावणार? टेम्पो हत्यारे, डिझेल व माणसे-सामान पोचवण्यापुरता घ्यावा. माल वाहायला टिप्पर भाड्याने लावावा.

४) वायब्रेटर, पाण्याचा पंप, गवत कापण्याचे यंत्र ही लहान हत्यारे मात्र स्वतःची असावीत. किंमत कमी, गरज रोजची.

जुने यंत्र पारखताना

मीटरवर भरवसा ठेवू नये. बकेट जमिनीवर टेकवून पिनांमधला खेळ पाहावा. सकाळी थंड इंजिन सुरू करून धूर पाहावा. बकेट उचलून थोडा वेळ तशीच ठेवावी. आपोआप खाली येऊ लागली तर सिलिंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहे. आरटीओची नोंद, विमा व बँकेचा बोजा तपासावा. सोबत आपला मेकॅनिक न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे.

रोजची निगा

सकाळी इंजिन तेल, कूलंट व हायड्रॉलिक तेल पाहणे आणि पिनांना ग्रीस देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ग्रीस वाचवणारा पुढे बुश विकत घेतो. धुळीत एअर फिल्टरकडे रोज लक्ष द्यावे. डिझेल कॅनमधून भरताना गाळून घ्यावे आणि टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्री टाकीत पाणी धरत नाही.

जीव आणि पैसा

खोदण्यापूर्वी जमिनीखाली एमआयडीसीची पाण्याची लाइन, महावितरणची केबल किंवा एमएनजीएलची गॅसवाहिनी आहे काय, हे लेखी विचारावे. यासाठी २०२३ पासून सरकारचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅपही आहे. दीड मीटरपेक्षा खोल चरीला आधार दिल्याशिवाय माणूस आत उतरवू नये. डोक्यावरच्या विजेच्या तारांपासून बूम दूर ठेवावी. परवाना नसलेला ऑपरेटर कितीही स्वस्त मिळाला तरी महाग पडतो.

तासांची नोंद रोज लिहावी व त्यावर साइट सुपरवायझरची सही त्याच दिवशी घ्यावी. सही नसलेला तास म्हणजे बुडालेला तास. उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु सेवा देणाऱ्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे.

आमचा सल्ला एवढाच. पहिले एक वर्ष भाड्याच्या यंत्रावर काम करा आणि प्रत्येक महिन्याचे तास वहीत लिहा. वर्षअखेरीस ती वहीच सांगेल, यंत्र घ्यावे की नाही. आम्ही त्या वहीच्या आधी यंत्र आणले, ही आमची चूक.