पंधरा कर्मादाने : चांदनीच्या निमित्ताने एक स्वाध्याय

बुऱ्हाणपूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नेपानगरच्या लगत, चांदनी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. प्रवाशाचे लक्ष वेधून घेईल असे तेथे फारसे काही नाही. परंतु श्रावकाच्या व्यापारधर्माचा अभ्यास ज्यास करावयाचा आहे, त्याला हा सातपुड्याच्या कुशीतील प्रदेश पुष्कळ शिकवू शकतो.

१९४७ साली ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ या नावाने येथील कागद कारखान्याची कंपनी नोंदली गेली. आरंभी ती खाजगी होती. दोन वर्षांनी तत्कालीन प्रांतिक सरकारने ती हाती घेतली. या लांबलचक नावाचे ‘नेपा’ असे लघुरूप झाले व त्यावरून गावालाही नेपानगर हे नाव पडले. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. तोपर्यंत वृत्तपत्राच्या कागदासाठी आपण सर्वस्वी परदेशांवर अवलंबून होतो. देशातील पहिला वृत्तपत्री कागद येथे तयार झाला. लगद्यासाठी लागणारी सालई व बांबू भोवतालच्या अरण्यातून येत. यंत्रे चालविण्यास वीज हवी, म्हणून त्याच दशकात चांदनीस कोळशावर चालणारे वीजगृह उभारण्यात आले. ते वीजगृह आता बंद आहे. कागद करावयाचा म्हणजे पाणीही विपुल लागते. वन, अग्नी व जल या तिन्हींवर एकदम हात ठेवणारा हा उद्योग होता.

हे वाचीत असता अभ्यासू वाचकास ‘उपासकदशांग’ सूत्रातील पंधरा कर्मादानांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सातवे व्रत भोग-उपभोगाच्या परिमाणाचे. त्याच्या दोन बाजू आहेत. खाणे, पिणे, नेसणे, वापरणे ही एक बाजू. उपजीविकेचा धंदा ही दुसरी. या दुसऱ्या बाजूत जे पंधरा धंदे दोषास्पद म्हणून सांगितले, तीच कर्मादाने. पाच कर्मे, पाच वाणिज्ये व पाच इतर, अशी त्यांची मांडणी करतात. हस्तिदंत, लाख, मद्यादी रस, केस व विष यांचा व्यापार आपल्यास ऐकून तरी ठाऊक असतो. परंतु प्रस्तुत विषयास अधिक उपयोगाची नावे निराळी आहेत : कोळसा पाडण्याचे अंगारकर्म, जंगल तोडून विकण्याचे वनकर्म, रानास आग लावण्याचे दवाग्निदापन, आणि सरोवर, डोह व तळी आटविण्याचे शोषणकर्म. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त अंगारकर्माचा अर्थ केवळ कोळशापुरता ठेवलेला नाही; भट्ट्या व विटा भाजणे यांचाही समावेश त्यांनी त्यात केला आहे. ज्या धंद्यात अग्नी हेच भांडवल, तो धंदा, असा त्याचा आशय दिसतो. आजची पृथ्वी तापविणारी कारणे मोजू लागल्यास कोळसा जाळणे व अरण्ये नष्ट करणे ही अगदी अग्रभागी येतात. आणि ती या जुन्या यादीत आधीच बसलेली आहेत. त्या काळी वातावरणशास्त्र अवगत होते असा दावा करण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. दुकानाच्या उंबरठ्यापलीकडे आपल्या नफ्यापायी कोणाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि त्या प्रश्नाने त्यांना तेथवर नेले.

मग नेपानगर उभारणाऱ्यांनी पाप केले म्हणावे काय? असे सरळ उत्तर देणे न्यायाचे होणार नाही. शिक्षण व वृत्तपत्रे यांवाचून नवे राष्ट्र चालले नसते, आणि त्या कारखान्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटली. सूत्रातला आनंद श्रावक हाही काही निष्कांचन पुरुष नव्हता. वाणिज्यग्रामाचा हा गृहस्थ. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्याजी, चार कोटी घरगृहस्थीत, दहा-दहा हजार गाईंचे चार व्रज, पाचशे नांगर आणि पाचशे-पाचशे गाड्यांचे दोन तांडे, एवढा त्याचा पसारा. त्याने तो टाकून दिला नाही. येथून पुढे वाढविणार नाही, एवढी मर्यादा घातली. एवढ्या मोठ्या आकड्यावर घातलेली मर्यादा पाहून कित्येकांस हसू येते. परंतु दरसाल उलाढाल वाढलीच पाहिजे असे मानणाऱ्या आजच्या पेढीवर बसून, ‘आता पुरे’ हे शब्द उच्चारून पाहावेत. ते किती जड आहेत हे लगेच कळेल.

त्याच आनंदाची वापराच्या वस्तूंची यादी याहून मनोरंजक आहे. दातवण कोणते, फळ कोणते, अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, हे त्याने एकेक करून ठरविले. स्नानास आठ घडे पाणी, त्याहून अधिक नाही. पिण्यास केवळ आकाशातून पडलेले, म्हणजे पावसाचे साठविलेले पाणी. कोट्यधीश मनुष्य आपल्या स्नानाचे घडे मोजतो, यात कृपणता नाही. जे सर्वांचे आहे त्यातून आपण किती उचलतो याची गणती ठेवणे, हाच त्या व्रताचा गाभा होय.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. ‘आम्ही कोळसा पाडीत नाही, झाड तोडीत नाही, आम्ही कापड, धान्य, केळी, कागद यांचे व्यापारी. ही कर्मादाने आम्हांस कशी लागू?’ याचे उत्तर करणाच्या विचारात आहे. करणे, करविणे व अनुमोदणे अशी कृतीची तीन रूपे आहेत. साधू तिन्हींचा त्याग करतो. श्रावकाचे अणुव्रत बहुधा दोन करण व तीन योग यांनी घेतले जाते. म्हणजे अनुमोदनाची सूट आहे, पण करविण्याची नाही. आता विकत घेणे हे करविणे की अनुमोदणे? माझ्या मते दोन्ही प्रकार संभवतात, आणि व्यापाऱ्याचा व्यवहार बहुतांशी पहिल्यात मोडतो. बाजारात तयार पडलेली वस्तू एखाद्या वेळी उचलणारे गिऱ्हाईक अनुमोदनाच्या जवळ आहे. परंतु जो आगाऊ रक्कम देतो, नमुना ठरवितो, मुदत बांधतो आणि भाव इतका पाडतो की करणाऱ्यास स्वस्तातला मार्ग धरण्यावाचून गत्यंतर उरू नये, त्याने ते काम करविले आहे. ‘मी न घेतले तर दुसरा घेईलच’ हे बाजाराचे वर्णन म्हणून खरे असेल. व्रताला त्याचा आधार मिळत नाही.

आता न्यायाकडे वळू. आपल्या किर्दीत आणि खतावणीत प्रत्येक जमेस कोठेतरी नावे असते. धुराचे तसे नाही. धूर सोडणारा एक आणि ती रक्कम नावे पडते ती भलत्याच्याच खात्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२३ च्या अहवालानुसार, दरडोई सर्वाधिक उत्सर्ग करणाऱ्या शेकडा १० कुटुंबांच्या उपभोगातून जगातील कौटुंबिक उत्सर्गापैकी शेकडा ३४ ते ४५ निर्माण होतो. खालच्या अर्ध्या लोकसंख्येचा वाटा शेकडा १३ ते १५ एवढाच. राष्ट्राराष्ट्रांमधील हे अंतर १९९२ साली रिओच्या परिषदेत मान्य झाले आणि जबाबदारी सर्वांची पण सारखी नव्हे, हे तत्त्व ठरले. झालेल्या हानीची भरपाई करण्यासाठी निधी असावा, एवढे मान्य होण्यास मात्र २०२२ साल उजाडावे लागले. भारतीय मनुष्याचा कार्बन डायऑक्साइडचा सरासरी वाटा वर्षास सुमारे २ टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. हा आकडा सभासंमेलनांत आपण अभिमानाने सांगतो. तो आकडा आपला नव्हे, देशाच्या सरासरीचा आहे, आणि ती सरासरी खाली ठेवली आहे ती ज्यांच्या घरी जळण्यासारखे फारसे काहीच नाही अशांनी.

हिशेब अवघड नाही. आपल्या देशात वीज अद्याप मुख्यत्वे कोळशाचीच असल्याने एका युनिटामागे सुमारे ०·७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर डिझेलमागे सुमारे २·७ किलो. ज्या वातानुकूलित दुकानात महिन्यास १००० युनिटे खर्ची पडतात, त्याचे वर्षाचे ८·४ टन झाले. चार सरासरी माणसांचा संपूर्ण वर्षाचा वाटा एका दुकानाच्या विजेत गेला. मालवाहतूक, घर, प्रवास व लग्नकार्ये अजून धरलीच नाहीत.

हे ऋण फेडतो कोण, ते पाहण्यास बुऱ्हाणपूर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. तापीकाठच्या केळीच्या बागा पाहाव्यात. केळीचे झाड म्हणजे पाण्याने भरलेला खांब. उन्हाच्या झळांनी पाने करपतात, आणि घड भरून आलेल्या वेळी वादळी वारा सुटला की उभी बाग एका तासात आडवी होते. विशिष्ट वादळ तापमानवाढीमुळेच आले असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु उन्हाळे अधिक कडक होत आहेत आणि त्याच पिकाला अधिक पाणी द्यावे लागते, याविषयी आता शंका उरलेली नाही. बागाईतदारास निदान पत आहे. त्याच्या बागेत मजुरीने घड वाहणाऱ्यास, किंवा पत्र्याच्या छपराखाली यंत्रमागावर वैशाखात उभे राहणाऱ्यास तीही नाही.

डोंगरातील कोरकू व इतर आदिवासींची गोष्ट याहून लागणारी आहे. २०२२-२३ मध्ये नेपानगर परिसरात, घाघरल्याच्या बाजूस, फार मोठी वृक्षतोड झाली. तिच्याविरुद्ध सर्वांत आधी आवाज उठविणाऱ्यांत तेथलेच ग्रामस्थ होते, आणि आदिवासींच्या संघटनेने बुऱ्हाणपुरात धरणेही धरले. कुऱ्हाड ज्याच्या हाती सापडते त्याचे नाव फिर्यादीत येते. पण तोडलेले झाड शेवटी कोणाच्या तरी वखारीत जाते आणि कोणाच्या तरी दाराची चौकट होते. लाकूड घेताना त्याचा परवाना व उगम विचारणे हे काम सरकारचे आहे असे आपण समजतो. कर्मादानाच्या दृष्टीने ते गिऱ्हाइकाचे आहे.

नेपानगरच्या कारखान्याची पुढील हकीकतही बोधप्रद आहे. सालई व बांबू सोडून तो पुढे रद्दीपासून कागद करू लागला. २०१६ साली उत्पादन थांबले आणि नूतनीकरणानंतर २०२२ साली पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षांत त्या वसाहतीने काय सोसले असेल, याची कल्पना ज्यांच्या गावातली एखादी गिरणी बंद पडली त्यांस यावी. धूर कमी करावयाचा म्हणून कामगारास वाऱ्यावर सोडणे हाही न्याय नव्हे. धंदा बदलताना त्याची भाकर आधी मोजली पाहिजे. रद्दीच्या या मार्गात वनकर्माचा दोष पुष्कळ हलका होतो, मात्र त्यासाठी रद्दी निर्मळ हवी. ज्या कागदावर प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा चढविला, त्याचा लगदा सुखासुखी होत नाही. आपल्या लग्नपत्रिका, मिठाईचे डबे, आणि (संपादक महाशय क्षमा करोत) संघटनांच्या स्मरणिकांची मुखपृष्ठे यांकडे या दृष्टीने एकदा पाहण्यास हरकत नाही.

नित्य व्यवहारात आरंभ कोठून करावा? सातव्या व्रताहून आठवे सोपे. ते अनर्थदंडाचे, म्हणजे विनाकारण होणाऱ्या हिंसेचे आहे. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त त्याच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे : निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे. दुकान मिटल्यावर रात्रभर पेटलेली पाटी, उघड्या दारात चालणारे थंड हवेचे यंत्र, वीज येऊन अर्धा तास झाला तरी धडधडणारे जनित्र. यांत कोणाचाही एक पैशाचा नफा नाही. सौर पट्ट्या बसवून घेण्याआधी हे बंद करावे. नाहीतर छतावर सूर्याची वीज आणि खाली पूर्वीचाच उधळेपणा, असा प्रकार होतो आणि परिमाण-व्रत बाजूलाच राहते.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण बुऱ्हाणपूरचा तो विशेष आहे. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भवेत्त्याने सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत नळांनी शहरात आणले. जमिनीचा उतार एवढेच त्याचे इंजिन. शंभरावर कुंड्यांची ती मालिका, कुंडी भंडारा, अजून पाणी देते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव आले. त्याच जिल्ह्यात २०१९ साली ग्रामीण १,०१,९०५ घरांपैकी ३७,२४१ घरांतच नळ होता. जुलै २०२२ मध्ये घरोघर नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा तो देशातील पहिला जिल्हा ठरला. डोक्यावरचा हंडा उतरला, ही थोर गोष्ट झाली.

परंतु आपल्या घरांत पाणी गाळून जिवाणी, म्हणजे गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सोडण्याची रीत होती. त्यासाठी पाणी कोठून आले हे घरातील लहान सुनेलाही ठाऊक असावे लागे. नळ सुरू झाल्यापासून गाळणे राहिले, पण ते सोडावे कोठे हे कोणास सांगता येत नाही. ते पाणी नदीचे की कूपनलिकेचे, ती कूपनलिका किती खोल गेली, तिच्यामुळे शेजारच्या खेड्यातील कोणती विहीर कोरडी पडली, हे विचारणे म्हणजे सरोवर-शोषणाचा दोष आपल्या घरापर्यंत येतो की नाही ते तपासणे होय.

आनंदाचे पावसाचे पाणी येथे आठवते. १०० चौरस मीटरांच्या छतावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की १००० लिटर पाणी होते. आपल्या गुदामांची छते याहून पुष्कळ मोठी असतात, आणि मृगाच्या पहिल्या सरींपासून ते सगळे पाणी गटारात जाते. एक पन्हळ, एक गाळणी व एक टाकी, किंवा जुन्या विहिरीपर्यंत नेलेली एक नळी, एवढा त्याचा खर्च. दिवाळीला नव्या चोपड्या उघडतो, तेव्हा त्यांतले एक पान कोरे ठेवून त्यावर चार रकाने आखावेत : युनिटे, डिझेल, पाणी, आणि छतावरून जमिनीत मुरविलेले पाणी. पहिल्या तीन रकान्यांच्या माथ्यावर यंदाची मर्यादा आधीच लिहावी, आणि चौथ्याची बेरीज पावसाळा संपल्यावर घरच्या मुलांकडून करून घ्यावी.