तिथीची पाऊणपट

कोपरी, ठाणे (पूर्व)
माघ पौर्णिमा

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, एवढी परीक्षा होऊ दे, मग मी जरा माणसांत येईन." हेच तू दहावीला म्हणाली होतीस, मग बारावीला, मग नोकरी लागेपर्यंत, आणि आता बँकेच्या परीक्षेपायी. तुझ्या कष्टांचा मला अभिमान आहे. पण हातातलं प्रत्येक वर्ष तू पुढच्या वर्षाची तयारी म्हणूनच खर्ची घालतेस, हे मला खुपतं.

तू रोज डोंबिवलीहून फास्ट पकडतेस. कळवा मागे पडतं आणि ठाण्याच्या अलीकडे खाडी लागते. 1854 साली रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत गेली, तेव्हापासून गाड्या ही खाडी ओलांडतायत. तूही ती रोज दोनदा ओलांडतेस. तरी "आज पाणी भरलेलं होतं की उतरलेलं?" या माझ्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नव्हतं. गर्दीत खिडकी दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या दिवशी दिसते, त्या दिवशी तरी कळवा गेल्यावर फोन पर्समध्ये टाक आणि बाहेर बघ. मला बाकी काही करून दाखवू नकोस.

तुझ्या आजीला हे बघावं लागत नाही. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेली बाई ती, तिला तिथी कळली की पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी नऊच्या. अष्टमीला भरती सहाला. आपली खाडी आत असल्यामुळे पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिरा पोचतं, एवढाच फरक. पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं. आज नऊची ओहोटी हुकली आणि उद्या पुन्हा नऊलाच गेलीस, तर ती मिळणार नाही. कोळ्यांनी हा हिशेब मांडला तो वेळेवर होडी लोटता यावी म्हणून. ओहोटी पुढे ढकलता येते, असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

रोहित पक्ष्यांचंही तसंच आहे. पावसाळा सरला की येतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जातात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की त्यात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खातात. तो गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. त्यांच्यासाठी 2015 साली या खाडीत अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये ही खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. म्हणजे जगाने दखल घेतली, आणि आपण कोपरीतली माणसं मात्र 'एकदा जायला पाहिजे' म्हणत बसलो आहोत. किनाऱ्यावर येणाऱ्यांतही बरेच जण पक्षी फोनच्या पडद्यावर बघतात. फोटो जरूर काढ, पण आधी पोटभर बघून घे.

'आजचा दिवस जगून घ्या' म्हणत पगार उडवणाऱ्यांच्या पंक्तीला तू बसावंस, असं मला मुळीच वाटत नाही. परीक्षा दे, उत्तम दे. मात्र अभ्यासाला बसलीस की फक्त अभ्यास कर, निकालाचे मनोरे रचू नकोस. निकालाची चिंता करत वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, हे तुझ्या शिक्षकांनीही तुला सांगितलं असेल. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' तुझ्याच कपाटात आहे. 1956 चं पुस्तक, बारा मराठी महिन्यांवरचं. त्या त्या महिन्यात डोळे उघडे ठेवल्याशिवाय असं पुस्तक लिहून होत नाही. रात्री झोपण्यापूर्वी त्यातला माघ तेवढा वाच.

आता मनात सलतं ते लिहिते. आजीच्या लहानपणीची खाडी, जिताडा, बोई, निवट्या, मीठबंदराकडची मिठागरं, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं असं तूच ठरवलं होतंस. "परीक्षेनंतर निवांत करू," म्हणालीस. सोनू, गेल्या दिवाळीत आजी माशांची नावं घडाघडा सांगत होती. आता मधेच थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मला येतात ती नावं मी पुरवते, पण तिला जेवढी येतात तेवढी मला येत नाहीत. परीक्षा वर्षभराने पुन्हा देता येते. आजीचं हे बोलणं वर्षभराने मिळेलच, असं मला सांगता येत नाही, आणि तुला खोटा धीर द्यायची माझी इच्छा नाही.

येत्या रविवारी चतुर्थी आहे, संकष्टी. आठला स्टेशनच्या पूर्वेला उतर, मी तिथेच उभी असेन. आधी मीठबंदराकडे जाऊ, तिथे पक्षी दिसले नाहीत तर रिक्षाने ऐरोलीकडे. अकराला घरी येऊ. आजीचा उपास असतो, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी आहेच. फोन पूर्ण चार्ज करून आण आणि तिला काय काय विचारायचं ते गाडीत कागदावर लिहून ठेव. सकाळी तिचं डोकं ताजं असतं, म्हणून आल्याआल्या रेकॉर्डिंगलाच बसू. पुस्तकंही आण. दुपारी आजी झोपली की मागची खोली तुझी, तिथे तुला कुणी हाक मारणार नाही.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या